‘चेक्ड बाय’च्या चौकटीत

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांच्यापासूनच सुरुवात करायची असा प्रघात आहे. माझ्यापुढे तर दुसरा मार्गही नाही. आज तासभर मी जे बोलणार आहे ते सरांनी एका दुपारी, ड्रॉइंग हॉलमध्ये, दोन-तीन वाक्यांत उरकलं होतं.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. ज्यांनी ड्रॉइंगच्या शीट काढल्या आहेत त्यांना माहीत असेल, उजव्या कोपऱ्यात खाली एक तक्ता असतो. नाव, प्रमाण, तारीख आणि त्याखाली तीन चौकटी: ‘ड्रॉन बाय’, ‘चेक्ड बाय’, ‘अप्रूव्ह्ड बाय’. पहिलीत आपण सही करायची, तिसरीत सर करणार. मधली चौकट शेजाऱ्याची. वर्गात सरळ देवाणघेवाण चालायची. तू माझ्या शीटवर कर, मी तुझ्या करतो. शीट उघडायचीही गरज नसे, कोपरा तेवढा पुढे सरकवला की काम झालं.

त्या दिवशी माझ्या मित्राने साध्या आधारांवरच्या तुळईचा छेद काढला होता आणि मुख्य सळया वरच्या बाजूला दाखवल्या होत्या. अशी तुळई खालून ताणली जाते, सळया खाली हव्यात. हे शाळकरी पोराला नाही तरी गवंड्याला नक्की कळतं. सरांनी शीट पाहिली आणि हाक मारली ती मला. “ही सही तुझी?” मी म्हटलं, हो. “मग तुझा शून्य.” मित्राला दहापैकी सहा मिळाले. मी काहीतरी पुटपुटलो, तेव्हा सर म्हणाले, “त्याने चूक केली. चूक माणसाकडून होते. तू मात्र खोटं लिहिलंस.”

कँटीनमध्ये आम्ही यावर पुष्कळ आरडाओरडा केला. काढणाऱ्याला सहा आणि न काढणाऱ्याला शून्य, हा कुठला न्याय! चाळीस वर्षं झाली. त्यातली पहिली काही मी बांधकामावर काढली, उरलेली संगणक प्रणाली तपासण्याच्या धंद्यात. त्या शून्याचा हिशेब मला अजून पुरता लागलेला नाही, पण तो बरोबर होता एवढं कळलंय.

आता तुम्हाला अमेरिकेत नेतो, मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत. १७ जुलै १९८१, शुक्रवारची संध्याकाळ. हयात रीजन्सी हे नवं कोरं हॉटेल. त्याच्या भव्य दालनात नाचाचा कार्यक्रम चालू होता. दालनाच्या डोक्यावरून लोकांना ये-जा करायला टांगते पूल होते. त्यातला चौथ्या मजल्याचा आणि दुसऱ्या मजल्याचा हे एकाखाली एक होते. दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली.

कारण समजायला अभियंता असण्याची गरज नाही. मूळ आराखड्यात छतापासून दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत अखंड लांब सळई होती आणि दोन्ही पूल त्या एकाच सळईला आपापल्या नटावर टेकणार होते. एवढ्या लांब सळईला आटे पाडणं आणि ती चढवणं त्रासाचं, म्हणून पोलादकाम करणाऱ्या कंपनीने तिचे दोन तुकडे सुचवले. एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत आणि दुसरा चौथ्या मजल्याच्या तुळईला अडकवून खाली सोडलेला. विहिरीत दोर सोडलाय आणि त्याला दोघं जण लटकलेत अशी कल्पना करा. दोघांनीही दोर धरलाय तोवर प्रत्येकाच्या हातावर आपलंच वजन. आता खालच्याने दोर सोडला आणि वरच्याचे पाय धरले. दोराला काही फरक पडत नाही. वरच्याच्या मुठीवर मात्र दुप्पट भार आला. चौथ्या मजल्याच्या तुळईखालचा नट म्हणजे ही मूठ. त्यात मूळचा जोडही शहराच्या बांधकाम नियमांना पुरा पडणारा नव्हताच, हे नंतरच्या तपासात निघालं.

हा बदल दाखवणाऱ्या नकाशांवर संरचना अभियंत्यांचा शिक्का होता. कारखान्याकडून आलेली ही ड्रॉइंगं त्यांच्या कचेरीतून शिक्का बसून परत गेली होती. त्या जोडाचं गणित कोणीच केलं नव्हतं. अभियंत्यांनी बाजू मांडली की जोडाची रचना पोलादवाल्याने करायची, अशी धंद्यातली रीतच आहे. पोलादवाल्याचं म्हणणं, आम्ही नकाशा पाठवला, तुम्ही शिक्का मारलात. म्हणजे तू माझ्या शीटवर कर, मी तुझ्या करतो. मिसुरीच्या परवाना मंडळाने दोन अभियंत्यांचे परवाने काढून घेतले. फौजदारी खटला उभा राहिला नाही, तुरुंगात कोणी गेलं नाही. पण ज्याची सही त्याची जबाबदारी, धंद्याची रीत काहीही असो, हे तिथे कायमचं नोंदलं गेलं. त्यातल्या प्रमुख अभियंत्याची एक गोष्ट मला भावते. पुढे अनेक वर्षं ते अभियंत्यांच्या सभांमध्ये उभे राहून आपल्याच अपघाताविषयी बोलत राहिले.

यातली एक गोष्ट आपल्याकडे घडू शकली नसती. परवाना काढून घ्यायचा तर मुळात परवाना हवा ना! आपल्याकडे सनदी लेखापालांसाठी १९४९चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२चा. डॉक्टरांचं आहेच. अभियंत्यांसाठी देशपातळीवर असा कायदा नाही. मोठ्या महापालिका आपापल्यापुरती संरचना अभियंत्यांची नोंदणी करतात, तेवढंच. बाकी पदवी मिळाली की झालात अभियंता. मरेपर्यंत तुमचं अभियंतेपण कोणी काढून घेऊ शकत नाही. आमच्या घरात सून डॉक्टर आहे, ती गमतीने म्हणते, “बाबा, तुमची डिग्री म्हणजे जातीचा दाखला, एकदा मिळाला की मिळाला.”

मुंबईकरांना ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द आता पाठ आहे. १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल गर्दीच्या वेळी पडला आणि सात जीव गेले. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्तीची गरज असलेल्या, वापरायला ठीक अशा पुलांत त्याची गणना होती. त्या खटल्याविषयी मी बोलणार नाही, ते न्यायालयाचं काम. मला फक्त ‘ठीक आहे’ या दोन शब्दांविषयी बोलायचंय. ते लिहिणाऱ्याने नक्की काय पाहिलं, हातोडी कुठे मारून बघितली, कुठे पोचताच आलं नाही, हे त्या दोन शब्दांत मावत नाही. आणि वाचणाऱ्याला तर ते दोनच शब्द हवे असतात.

अशा विषयावरच्या व्याख्यानात चॅलेंजर यानाची गोष्ट यावीच लागते, तेव्हा तीही उरकतो. २७ जानेवारी १९८६च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या रात्री, रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगत होते की इतक्या थंडीत रबरी कडी नीट बसणार नाही, उड्डाण नको. तेव्हा अभियांत्रिकीच्या प्रमुखाला त्याच्या वरिष्ठाने सुचवलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची टोपी घाल. इंग्रजीत हा नुसता वाक्प्रचार आहे. मराठीत टोपी घालणं म्हणजे काय ते आपल्याला चांगलंच कळतं. या गोष्टीतला एक माणूस मात्र भाषणांत मागे राहतो. त्याचं नाव ॲलन मॅकडोनल्ड. तो कंपनीचा प्रतिनिधी म्हणून प्रक्षेपणस्थळी हजर होता. उड्डाणाच्या शिफारशीवर सही करणं त्याचं काम होतं आणि त्याने सही केली नाही. मग युटामधून त्याच्या वरिष्ठाने सही करून फॅक्स पाठवला. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर गेले. मॅकडोनल्डच्या नकाराने उड्डाण थांबलं नाही, हे खरं. पण चौकशी सुरू झाली तेव्हा त्या कागदावर कोणाची सही नाही, हा प्रश्न विचारता आला.

आता माझ्या दुसऱ्या धंद्याकडे वळतो. पुलाला नकाशा असतो आणि नकाशाला कोपरा असतो. संगणकाच्या प्रोग्रामला कोपरा कुठे असतो?

नावांची वानवा आहे म्हणून विचारत नाही. उलट, आज कुठल्याही कंपनीत प्रोग्रामची प्रत्येक ओळ कोणी, कुठल्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी लिहिली, याची नोंद असते. ती नोंद काढायच्या आज्ञेचं नावच मुळी ‘ब्लेम’ आहे! शिवाय दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोड पुढे जात नाही. तपासणारा काय लिहितो? एल-जी-टी-एम. ‘लुक्स गुड टू मी’ची आद्याक्षरं. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून घराकडे निघालेल्या बसमध्ये, मोबाइलवर, आठशे ओळींच्या बदलाला अंगठ्याने दिलेली ही चार अक्षरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. कोपरा पुढे सरकवायचा, सही करायची. सर असते तर वर्गच्या वर्ग शून्यावर गेला असता.

आचारसंहिता आहेत, नाहीत असं नाही. एसीएम या जगभरच्या संगणक व्यावसायिकांच्या संस्थेने १९७२ साली स्वतःची संहिता केली, १९९२ला ती नव्याने लिहिली, २०१८ला पुन्हा लिहिली. लोकहित सगळ्यात आधी, असं तीत स्वच्छ म्हटलं आहे. मोडलीत तर फार तर सदस्यत्व जातं. माझ्याबरोबर काम केलेल्या शंभरेक जणांत त्या संस्थेचा सदस्य मला तरी भेटलेला नाही.

न तपासता ‘ठीक आहे’ म्हटलं की प्रोग्राम काय करू शकतो, यासाठी थेराक-२५ या यंत्राची गोष्ट सांगतो, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

कर्करोगावर किरणोपचार करणारं हे यंत्र कॅनडातल्या एका सरकारी कंपनीने बनवलं होतं. कॅनडा आणि अमेरिकेत मिळून अशी अकरा यंत्रं बसवली गेली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यांनी सहा रुग्णांना भलताच मोठा मारा दिला. काही जण त्या भाजण्यानेच दगावले. हे यंत्र दोन प्रकारे चाले. इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत थेट सोडायचा, नाहीतर अतिशय तीव्र झोत धातूच्या पत्र्यावर आदळवून त्यातून क्ष-किरण काढायचे. तीव्र झोत चालू आणि मध्ये पत्रा नाही, असं होता कामा नये. आधीच्या थेराक-२० यंत्रात यासाठी लोखंडी, विजेचे अडसर होते. काही गडबड झाली की फ्यूज उडे. नव्या यंत्रातून अडसर काढून टाकले, ते काम प्रोग्रामवर सोपवलं. आणि प्रोग्रामचा बराचसा भाग जुन्या यंत्रातूनच उचललेला होता.

टेक्ससमधल्या टायलर गावचं रुग्णालय. मार्च १९८६. यंत्र चालवणारी बाई सरावलेली, बोटं सराईत. तिने इलेक्ट्रॉनसाठी ‘ई’ टाइप करायच्या ऐवजी क्ष-किरणांचा ‘एक्स’ टाइप केला. चूक लगेच लक्षात आली. तिने वर जाण्याचा बाण दाबून ‘एक्स’चा ‘ई’ केला आणि झरझर पुढे गेली. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. यंत्राच्या आत मात्र चुंबकांची मांडणी बदलायला आठ सेकंद लागत आणि तेवढ्यात केलेली दुरुस्ती प्रोग्रामच्या नजरेतून निसटे. तिने उपचार सुरू केला. पडद्यावर आलं: ‘मालफंक्शन ५४’. या ५४ चा उलगडा होईल असं माहितीपुस्तकात काही नव्हतं, आणि असले आकडे दिवसातून कितीदा तरी येत. तिने पुढे चालू ठेवण्याचं बटण दाबलं. पलीकडच्या खोलीतला रुग्ण टेबलावरून उठायची धडपड करत होता. त्या दिवशी त्या खोलीचा कॅमेरा बंद होता आणि बोलायचं यंत्रही. १८० रॅडऐवजी त्याला साडेसोळा ते पंचवीस हजार रॅड बसले, असा अंदाज पुढे निघाला.

कंपनीचे अभियंते आले. यंत्रात दोष सापडला नाही. रुग्णालयाला सांगण्यात आलं की जास्त मारा बसल्याचं एकही प्रकरण कंपनीच्या माहितीत नाही. त्याआधी जॉर्जिया, ओंटारिओ आणि वॉशिंग्टन राज्यात अशी प्रकरणं होऊन गेली होती. ओंटारिओच्या अपघातानंतर तर एक बारीक स्विच बदलून, यंत्र आता किमान एक लाख पटींनी सुरक्षित झालं आहे, असं कंपनीने कळवलं होतं. हा लाखाचा आकडा कुठून आला? कुठूनच नाही. एप्रिलमध्ये टायलरलाच पुन्हा तेच घडलं.

दोष शोधून काढला तो रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच बाईने. फ्रिट्झ हेगर हे त्या शास्त्रज्ञाचं नाव. दोघांनी तासन्‌तास बसून त्या दिवशीच्या कळा पुन्हा दाबून पाहिल्या. शेवटी कळलं की हळू टाइप केलं तर काहीच होत नाही, वेगाने केलं की ५४ येतो. कंपनीची माणसं यंत्र तपासताना सावकाश, काळजीपूर्वक टाइप करत असणार. आपल्याच कामात तरबेज असणं हा त्या बाईचा गुन्हा ठरला.

मग कंपनीने सगळ्या रुग्णालयांना तातडीचा उपाय कळवला. वरच्या बाणाच्या कळीचं टोपण काढून टाका आणि आतला संपर्क चिकटपट्टी लावून बंद करा! मी खोटं सांगत नाही. लाखपट सुरक्षित यंत्रावरचा इलाज म्हणजे इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी.

हे पसरल्यावर शिकागोच्या विद्यापीठातल्या लोकांना आठवलं की त्यांच्याकडच्या जुन्या थेराक-२०चे फ्यूज नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली की भराभर उडायचे. म्हणजे दोष तिथेही होता. पण तिथे फ्यूज उडायचा, माणूस वाचायचा. तो प्रोग्राम लिहिणारा एकच जण होता. १९८६ साली त्याने नोकरी सोडली आणि पुढे तपासणाऱ्यांना त्याच्याविषयी जवळजवळ काहीच कळलं नाही. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही, ती सरांच्या भाषेत ‘चूक’ होती. आकड्याला आधार नसताना ‘लाख पटींनी’ लिहिणारा आणि ‘असं कुठेच झालेलं नाही’ म्हणणारा, हे मधल्या चौकटीतले लोक.

‘असं कुठेच झालेलं नाही’ हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत ते हजारो कानांनी ऐकलं.

ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी टपाल कार्यालयं खासगी चालकांकडे असतात. बहुधा दुकानाच्या एका कोपऱ्यात काउंटर. अनेक चालक आपल्याकडून गेलेले, गुजराती, पंजाबी. १९९९-२००० पासून या सगळ्यांकडे ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक प्रणाली आली. ती चालवणारी कंपनी फुजित्सू. संध्याकाळी हिशेब लावला की कधी कधी शेकडो, कधी हजारो पौंडांची तूट दिसे. मदतकेंद्राला फोन केला की उत्तर मिळे: हे फक्त तुमच्याकडेच होतंय. करारानुसार तूट चालकाने भरायची. लोकांनी सोनं मोडलं, घरं गहाण टाकली. ज्यांना भरता आली नाही त्यांच्यावर टपाल खात्याने स्वतःच खटले भरले. खोटा हिशेब, चोरी, अफरातफर. २०१५ पर्यंत शिक्षा झालेल्यांची संख्या नऊशेच्या वर गेली.

सीमा मिश्रा या त्यांतल्या एक, सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटच्या. नोव्हेंबर २०१०मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, त्या गरोदर होत्या आणि तो दिवस त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्यांच्या खटल्यात फुजित्सूच्या अभियंत्याची तज्ज्ञ म्हणून साक्ष झाली. २०१९ साली ५५५ चालकांच्या दाव्यात न्यायालयाने निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते, आणि ते खोट्या तुटी दाखवू शकत होते. फुजित्सूचे लोक दूर बसून शाखेच्या हिशेबात व्यवहार घालू शकत, चालकाला पत्ताही लागत नसे. होरायझन भक्कम आहे हा टपाल खात्याचा हेका न्यायमूर्तींनी, एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट म्हणण्याच्या पंक्तीला बसवला. एप्रिल २०२१मध्ये सीमाबाईंसह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली. जानेवारी २०२४मध्ये दूरचित्रवाणीवर याची मालिका लागली, देश हादरला, आणि त्याच वर्षी संसदेला कायदा करून बाकीच्यांना निर्दोष ठरवावं लागलं. मालिका लागेपर्यंत निर्णय पुढे सरकत नाहीत, हे आपल्याला काही नवं नाही.

यातली कायद्याची बाजू मला झोप येऊ देत नाही. इंग्लंडमध्ये १९८४च्या कायद्यात एक कलम होतं. संगणकाची नोंद पुरावा म्हणून आणायची तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. ते कलम फार जाचक वाटलं, म्हणून १९९९च्या कायद्याने ते काढून टाकलं. त्यानंतर उलटं झालं. संगणक बरोबरच आहे असं धरून चालायचं, चुकलाय म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यात बसलेल्या बाईने फुजित्सूचा प्रोग्राम चुकतोय हे सिद्ध करायचं, तेही प्रोग्राम न बघता.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे, आणि इथे आपण पुढे आहोत असं म्हणायचा मोह होतो. पुराव्याच्या कायद्यातलं ६५-ब कलम वकील मंडळींना माहीत आहेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३वं कलम त्याच्या जागी आलं. संगणकाची नोंद पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. त्या काळात संगणक नीट चालू होता, असं कोणीतरी सही करून सांगायचं. आता तर तज्ज्ञाचीही सही लागते. मधली चौकट आपण कायद्यात छापून ठेवली आहे! पण मसुदा तयार असतो, नाव आणि तारीख भरायची असते. ज्या माणसाने तो संगणक उघडून पाहिलेला नाही तो सही करतो, कारण सही केल्याशिवाय कागद पुढे जात नाही. असली प्रमाणपत्रं माझ्यापुढेही आली. दोनांवर मी सही केली, तिसऱ्यावर केली नाही. पहिल्या दोनांविषयी मला आजही नीट सांगता येणार नाही की मी काय पाहिलं होतं.

आता थोडं बांधकामावर जाऊ. काँक्रीटची परीक्षा क्यूबने होते. ओतायच्या मालातूनच पंधरा सेंटिमीटरच्या साच्यात क्यूब भरायचे, पाण्यात ठेवायचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात फोडायचे. मी पहिल्या साइटवर गेलो तेव्हा तिथल्या जुन्या सुपरवायझरने मला विचारलं, “साहेब, क्यूब कशाचे भरायचे, स्लॅबचे का लॅबचे?” स्लॅबचे म्हणजे खऱ्या मालाचे. लॅबचे म्हणजे बाजूला चार घमेली वेगळा माल कालवायचा, सिमेंट हात सैल सोडून घालायचं आणि त्याचे भरायचे. ते कधीच नापास होत नाहीत. त्याने हे लपवून विचारलं नव्हतं. चहा साखरेचा का बिनसाखरेचा, तसं विचारलं होतं.

२०१५च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवागेनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मला तो सुपरवायझर आठवला. गाडीतल्या प्रोग्रामला कळत होतं की आपली परीक्षा चालू आहे. चाकं फिरताहेत, पण स्टिअरिंग जागचं हलत नाही, म्हणजे आपण प्रयोगशाळेत रोलरवर आहोत. तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचा. रस्त्यावर गेलं की नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात एक कोटी दहा लाख गाड्या. लॅबचे क्यूब, एवढंच. फरक इतका की सुपरवायझरला दर वेळी माल वेगळा कालवावा लागे, इथे एकदा लिहिलं की प्रत्येक गाडी आपापला क्यूब भरणार. हे पकडलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने, त्यात भारतातून गेलेली मुलंही होती. त्यांनी काय केलं, तर मोजायची यंत्रं डिकीत घातली आणि गाडी रस्त्यावर काढली. स्लॅबला छिद्र पाडून नमुना काढावा तसं. आपल्याकडेही कंपनीने त्याच वर्षअखेर सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या.

त्यातल्या जेम्स लियांग या अभियंत्याला २०१७ साली अमेरिकेत चाळीस महिन्यांची कैद झाली. तो काही वरचा साहेब नव्हता. वरून सांगितलं ते केलं, हा त्याच्या वकिलांचा सूर. मला वाटतं, असेलही. पण स्टिअरिंग हलत नाही म्हणजे काय समजायचं, हे कुठल्याही वरच्या साहेबाला सुचलं नसतं. त्याला अभियंताच लागतो.

तरुण मंडळी मागे बसली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न दिसतोय: बोललो तर? उत्तर गोड नाही. सत्येंद्र दुबे हा आयआयटी कानपूरचा अभियंता बिहार-झारखंडात सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यावर काम करत होता. कामातल्या गैरप्रकारांविषयी त्याने पंतप्रधानांना पत्र लिहिलं, आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३च्या पहाटे गयेत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. न्यायालयात तो लुटीचा प्रकार ठरला आणि २०१० साली तिघांना जन्मठेप झाली. असं लिहिणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला. तो अजून लागू झालेला नाही. म्हणून ‘सत्य बोला’ असं व्यासपीठावरून सांगायला मी धजत नाही. माझं पेन्शन चालू आहे आणि घर फेडून झालंय.

माझी एक भाची आहे, पुण्यात टेस्टिंगमध्ये. तिचं सांगतो आणि थांबतो. कंपनी कुठली ते विचारू नका. दिवाळीच्या आधी रिलीज होतं. चारशे वीस टेस्ट होत्या, वेळ अडीचशेचाच होता. मॅनेजर म्हणाला, बाकीच्या मागच्या वेळी पास झाल्यात, पासच टाक, साइन-ऑफ दे. तिने सगळ्यांना जाईल अशी मेल लिहिली: २५० चालवल्या, पास. १७० चालवलेल्या नाहीत, त्यांची यादी सोबत. त्यांच्याविषयी मला माहीत नाही. खाली नाव. कुठे तक्रार नाही, कोणावर आरोप नाही.

रिलीज ठरलेल्या दिवशी गेलं. काही बिघडलं नाही. मार्चमध्ये अप्रेझलला तिला ‘संघभावना कमी’ असा शेरा आला आणि पगारवाढ नावापुरती. ती मला म्हणाली, “मामा, काही झालंच नाही. मग मी कशाला लिहिलं?” मला उत्तर सुचलं नाही. मी तिला सरांच्या शून्याची गोष्ट सांगितली, ती हसली आणि म्हणाली, तुमच्या वेळी शून्य तरी मिळायचा.

गेल्या महिन्यात पुढचं रिलीज होतं. दुसऱ्या एका टेस्टरने साइन-ऑफ दिला होता, सगळ्या पास. मॅनेजरने तो वाचला, आणि मग चहाच्या निमित्ताने भाचीला बाजूला बोलावून हळूच विचारलं, “यातल्या खरंच किती चालवल्या असतील गं?”